शालूच्या वाट्याचं जेवण

पाहुणा आला की घरातला पुरुष म्हणतो, "वाढा, वाढा." कुठून वाढायचं, हे तो विचारत नाही. भांड्यात किती उरलं आहे, हे त्याला माहीत नसतं. वाढणारीला माहीत असतं, पण ती बोलत नाही. अशी घरं आपल्याकडं किती आहेत, ते वाचणाऱ्यांनी आपल्या घरापासून मोजायला सुरुवात करावी.

हिंदुराव मोहित्यांचं घर असंच होतं. इस्लामपूरपासून दोन कोसांवर कृष्णेच्या काठाला त्यांचं गाव. हिंदुराव पलटणीत हवालदार होते. लढाईत बर्मापर्यंत जाऊन आले. पेन्शनवर गावी आल्यावर त्यांनी जमीन नीट केली, नदीचं पाणी आणलं, ऊस लावला. १९६६ साली पाऊस कमी होता. रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन लोक दिवस काढत होते. पण हिंदुरावांच्या कणगीत जोंधळा होता, गोठ्यात दोन म्हशी दुभत्या होत्या. या घरात अन्नाची टंचाई नव्हती.

त्याच साली आषाढात हिंदुरावांची बायको बनुबाई वारली. ताप आला, अंगावर सूज आली, आणि पंधरा दिवसांत गेली. "अंगात रक्तच नाही," असं सांगलीचे डॉक्टर म्हणाले. हिंदुरावांनी औषधाला काही कमी केलं नाही. टॉनिकच्या सात बाटल्या आणल्या. ती गेल्यावर महिनाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत.

घरात आता दोनच बायका राहिल्या. एक हिंदुरावांची थोरली बहीण भामाबाई. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, तीस वर्षं याच घरात. दुसरी थोरल्या मुलाची, जोतीरामची बायको शालू. तिला सातवा महिना होता.

दिवाळीच्या सुट्टीत धाकटा मुलगा धनाजी सांगलीहून घरी आला. तो तिथं इंजिनिअरिंगला होता. येताना त्यानं खोलीतल्या मित्राला बरोबर आणलं. त्याचं नाव कामाऊ. तो आफ्रिकेतल्या केनियाचा. आपल्या सरकारची स्कॉलरशिप घेऊन शिकायला आला होता. सुट्टीत मेस बंद, आणि घर समुद्रापलीकडं. तो जाणार कुठं?

गावात असा माणूस कुणी पाहिला नव्हता. एस.टी.तून उतरल्यापासून घरापर्यंत मागं माणसं. शेजारचे नानासो कट्ट्यावर येऊन बसले आणि कामाऊकडं बघत हिंदुरावांना म्हणाले, "आवं हवालदार, पावणा लय लांबचा दिसतोय."

"आफ्रिकेचा हाय."

"मराठी येतंय का त्येला?"

"येतंय की," कामाऊच म्हणाला. "तुम्हाला येतंय का?"

कट्टा हसला. नानासो सगळ्यांपेक्षा जास्त हसले. हिंदुराव उठले आणि छाती पुढं काढून म्हणाले, "जांबो!" कामाऊ उभाच राहिला. बर्मात त्यांच्या शेजारी पूर्व आफ्रिकेची पलटण होती. तिथं शिकलेला नमस्काराचा तो एक शब्द वीस वर्षांनी कामाला आला. बनुबाई गेल्यावर हिंदुराव पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी.

कामाऊला सगळं जाणून घ्यायचं होतं. "घरात दिवाळीचं तळण का नाही? शेजारणी करंज्या का आणून देतात?" धनाजीनं सांगितलं, घरात माणूस गेलं की पहिल्या सणाला तळण करत नाहीत, दुसऱ्यांनी आणून द्यायचं. कामाऊ म्हणाला, "चांगली रीत आहे. दुःख असलेल्या घराला लोक जेवू घालतात." भामाबाईंना हा पोरगा आवडला.

पंगतीला चार पुरुष बसायचे. हिंदुराव, जोतीराम, धनाजी आणि कामाऊ. धनाजीनं मित्राला आधीच दोन गोष्टी बजावल्या होत्या. ताटात काही टाकायचं नाही, आणि आत्ती वाढेल त्याला नको म्हणायचं नाही. कामाऊ दोन्ही पाळत होता. भामाबाई म्हणायच्या, "घे रं लेकरा, लाजू नगंस." तो घ्यायचा आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचा. हिंदुराव खूश. "बघा, जवान कसा जेवतोय. वाढा त्येला."

या घरात माप ठरलेलं होतं. सकाळी एकदा शिजवायचं. पुरुष आधी जेवायचे. त्यांचं झालं की चुलीवर पाणी मारायचं. बायकांसाठी पुन्हा चूल पेटवायची नाही. उरेल ते त्यांनी खायचं, आणि लग्न झालेलीनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. बनुबाई तेहेतीस वर्षं हिंदुरावांच्या ताटात जेवली. शालू जोतीरामच्या ताटात जेवायची. जोतीराम मनानं बरा. तो ताटात अर्धी भाकरी आणि थोडं कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, मुद्दाम ठेवायचा. मटण असलं तर दोन फोडी.

पहिल्या दिवशी कामाऊनं त्याच्या ताटाकडं बघून विचारलं, "दादा, तुम्हाला आवडलं नाही का? राहिलं आहे."

जोतीरामला काय सांगावं कळेना. परक्या देशाच्या माणसाला 'हे बायकोसाठी आहे' असं सांगायची त्याला लाज वाटली. "न्हाई, न्हाई, खातूय की," म्हणत त्यानं ते खाऊन टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तोही ताट स्वच्छ करू लागला.

झालं! ताटात उरायचं बंद झालं. भांड्यातलं पाहुण्याला वाढून संपायचं. आणि एकाही शहाण्या पुरुषाच्या डोक्यात आलं नाही की आत सात महिन्यांची पोटुशी बसली आहे, ती काय खात असेल.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मटण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशींना पाणी पाजताना शालू अंगणात कोसळली. घागर फुटली. धनाजी आणि कामाऊ नदीवरून येत होते. त्यांनीच तिला उचलून पुढच्या सोप्यात आणून निजवलं. धनाजी सायकल घेऊन आरोग्य केंद्रावर पळाला आणि नर्स तानुबाईंना घेऊन आला.

तानुबाई याच गावच्या, बौद्ध वस्तीतल्या. छप्पन साली त्यांच्या घरानं धर्म बदलला. त्या मिरजेला नर्सिंग शिकून गावातच नोकरीला लागल्या होत्या. आषाढात बनुबाईला तपासायला आल्या, तेव्हा या घरानं त्यांना सोप्याच्या पुढं येऊ दिलं नव्हतं. पाणीसुद्धा वरून ओतलं होतं. तरी हाक मारल्यावर त्या आल्या.

त्यांनी शालूची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, पोटावर हात ठेवून बघितलं. मग विचारलं, "काल काय जेवलीस?"

शालूनं पदर ओढला.

"मी विचारतीया शालू. काल दुपारी काय खाल्लंस?"

"भाकरी."

"कशासंगं?"

"चटणी."

"आन् मटान केलं हुतं न्हवं काल? गावभर वास सुटला हुता."

"संपलं," शालू म्हणाली.

"परवा?"

"परवाबी संपलं हुतं."

भामाबाई दारातून म्हणाल्या, "पोटुशीनं बेतानं खावं. पोर मोठं झालं की सुटका हुईत न्हाई. आन् पावणा पोटभर जेवला, येवढं काय झालं त्यात?"

तानुबाई उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. कुणी अडवायच्या आत त्यांनी कालची भांडी उघडून बघितली. मटणाचं पातेलं पुसून घेतलेलं. दुरडीत भाकरीचा एक तुकडा. चूल गार.

कामाऊ खांबाला धरून उभा होता. तो जोतीरामला म्हणाला, "दादा, काल मला तिसऱ्यांदा वाढलं, ते कुणाचं होतं?"

जोतीराम शालूच्या अंगावरची चादर सारखी करू लागला.

"सांगा ना. कुणाचं होतं?"

"आमच्यात बायका मागनं जेवत्यात. उरंल त्ये खात्यात. रीत हाय."

"पण उरलं नाही! मी सगळं खाल्लं. पाच दिवस मी या बाईचं जेवण खाल्लं. तुम्ही समोर बसला होता, धनाजी शेजारी होता. एकानं तरी सांगायचं! तुम्ही म्हणत होता, घे, घे. मला काय माहीत, मी कुणाचं घेतोय?"

त्याचा आवाज चढला होता. हिंदुरावांना ते सहन झालं नाही. "ए गड्या," ते ओरडले, "पावणा हायेस, पावण्यावानी ऱ्हा. चार दीस खाल्लंस आन् आता आमच्या घराला नावं ठेवतूस?"

"आण्णा, त्याचं काय चुकलं?" धनाजी म्हणाला.

"तू गप."

 कामाऊ आता बोलला तो खालच्या आवाजात, पण राग गेलेला नव्हता. "काका, मी तुम्हाला शिकवत नाही. मला तोंड कुठं आहे? आमच्याकडं बापाची झोपडी वेगळी असते. आई तिथं जेवण नेऊन देते. बोकड कापला की चांगलं मांस पुरुषांचं. मी मोठा झाल्यावर बापाबरोबर बसायला लागलो. आई तिकडं दुसऱ्या झोपडीत काय खाते, मी कधी पाहिलं नाही. एकवीस वर्षं. घर सोडून इतका लांब आलो, दुसऱ्याच्या घरात जेवलो, तेव्हा दिसलं. तुमचा राग आलाय. माझा त्याहून जास्त आलाय."

हिंदुराव त्यावर काही बोलणार, तेवढ्यात तानुबाई आतून आल्या.

"हवालदार, आखाडात मी बनुबाईला तपासलं. तवा तुमाला काय सांगितलं हुतं?"

"खायाला घाला म्हणालीस. मी आक्काला सांगितलं."

"मग?"

"मग काय? सांगितलं न्हवं!"

"सांगितलं आन् रानात गेला. ती काय खाती, बघितलं का?"

हिंदुरावांनी डोक्यावरचा पटका सारखा केला.

"पलटणीत तुमच्या हाताखाली किती जवान हुते?"

"दहा-बारा."

"त्यास्नी जेवान मिळालं का न्हाई, कोण बघायचं?"

"मीच. ते न बघता जेवायला बसलो असतो तर सायबानं फीत काढून घेतली असती."

"मग घरात बसताना का बघितलं न्हाई? हितं फीत काढून घेणारं कुणी न्हाई म्हणून?"

"तानुबाई!" हिंदुराव ताडकन उठले. "माजी बायकू मेलीया. तिच्या नावानं मला बोलायचं न्हाई."

"मग कुणाच्या नावानं बोलू? शालूच्या? दोन म्हयनं थांबू?"

 शालू भिंतीकडं तोंड करून रडत होती. हिंदुराव बहिणीकडं वळले. राग कुठंतरी काढायचा होता. "आक्का, तुज्या हातात घर दिलं हुतं. बनूला खायाला घाल म्हणून सांगितलं हुतं तुला. काय घातलंस?"

भामाबाईंनी उंबऱ्यावर हात आपटला. त्या घरात त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"काय घातलं? तुमी ठिवलं त्ये घातलं! माप तुमचं, चूल इझवायची रीत आपल्या बाची. आईनं मला सांगितलं, बाईनं भांडं पुसून खावं. मी पुसून खाल्लं. तीस वर्सं या घरात खरवड खाऊन काढली, हिंदू. एक दिस तरी इचारलंस का, आक्का, जेवलीस का? बनू मला म्हणायची, आक्का, तुमी घ्या, मला भूक न्हाई. मी तिला म्हणायची, मला न्हाई, तू घे. आमी दोघी एका भाकरीवर भांडायचो, तुमी भाईर ढेकर देत बसायचा. आन् आता मला इचारतूस?"



माणूस चुकला हे त्याला कळतं तो क्षण फार वाईट असतो. हिंदुरावांनी सात बाटल्या टॉनिक आणलं होतं. त्या बाटल्यांवर ते समाधान मानून होते. मी सगळं केलं, असं चार लोकांना सांगत होते. आणि पंचवीस पावलांवर, त्यांच्याच स्वयंपाकघरात, बायको मीठभाकरी खाऊन मरत होती. तिला त्यांनी मारलं असं कुणी म्हणणार नाही. कायदा म्हणणार नाही, गाव म्हणणार नाही. पण दुसरं कुणी मारलं, तेही सांगता येणार नाही.

"चूल पेटवा," हिंदुराव म्हणाले.

त्या दुपारी त्या घरात पहिल्यांदा बायकांसाठी चूल पेटली. भाकरी झाली, दूध तापलं, अंड्याची पोळी झाली. हिंदुराव स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसले आणि शालूला ताटावर बसवलं. "जेव."

शालूनं पदर नाकापर्यंत ओढला. हात ताटात, पण वर येईना. सासऱ्यासमोर जेवायचं नाही, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं.

"जेव म्हंतोय न्हवं!" हिंदुराव खेकसले.

भामाबाईंनी भाकरी थापता थापता मान वर केली. "तू उठ आदी हितनं. फौजदार बसल्यावानी बसलायस. तिच्या गळ्याखाली घास उतरंल व्हय? आन् दारातल्या ह्या तिघांस्नीबी घिऊन जा."

हवालदार उठले. चारही पुरुष उपाशीपोटी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आत भांड्यांचे, बांगड्यांचे आवाज येत होते. भामाबाई शालूला "घे गं, आजून घे" म्हणत होत्या. तानुबाईंना त्यांनी आत बसवून घेतलं होतं. बाहेर चौघांना भूक लागली होती आणि कुणालाच तसं म्हणायचं तोंड नव्हतं.

नानासो रस्त्यानं चालले होते. "हवालदार, जेवान झालं का?"

"न्हाई."

"का वो? दोन वाजलं."

"बायका जेवत्यात."

नानासोंना मजा वाटली. "आज उलटी गंगा?"

"हासू नगंस नाना," हिंदुराव म्हणाले. "घरी जा. तुज्या बायकूनं दुपारी काय खाल्लं, त्ये बघून ये. मग हास."

नानासो गेले. ते परत हसायला आले नाहीत.

एका दुपारीत रीत मोडत नाही. भावकीतले लोक कुजबुजले, हवालदाराला आफ्रिकेच्या पोरानं नादाला लावलं. शालूच्या माहेरचे म्हणाले, लोक काय म्हणतील. शालू स्वतः आठ दिवस चोरट्यासारखी जेवायची. पण घरातलं माप बदललं. घरातल्या सगळ्या माणसांचं शिजायचं आणि शालूचं ताट आधी भरायचं. कामाऊ चार दिवसांनी धनाजीबरोबर सांगलीला गेला. जाताना भामाबाईंच्या पाया पडला. गेल्यावर त्यानं आपल्या आईला पत्र लिहिलं. ती वाचू शकत नव्हती, म्हणून त्यानं ते बहिणीच्या नावावर पाठवलं. पत्रात एवढंच विचारलं होतं, तुम्ही दोघी काय जेवता ते खरं खरं कळवा.

माघात शालू बाळंत झाली. मुलगी झाली. सुटका तानुबाईंनी केली. रक्त गेलं, दोन दिवस काळजीचे गेले, पण बाई वाचली. तानुबाई म्हणाल्या, दिवाळीतली शालू असती तर हातची गेली असती.

आषाढात बनुबाईचं वर्षश्राद्ध आलं. गेलेल्या माणसाला आवडणारा पदार्थ त्या दिवशी करतात. भामाबाईंनी भावाला विचारलं, "हिंदू, बनूला काय आवडायचं? त्येच करूया."

हिंदुराव विचार करू लागले. तेहेतीस वर्षांचा संसार. त्यांना काय आवडतं, ते बनुबाईला ठाऊक होतं. वांग्याचं भरीत, त्यात दाण्याचा कूट जास्त. मुलांना काय आवडतं, तेही ठाऊक होतं. हिंदुरावांनी जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं धनाजीकडं बघितलं. कुणाला काही सांगता येईना.

"आक्का, तू तिच्यासंगं जेवायचीस. तुला ठावं आसंल."

"उरंल त्ये खायची," भामाबाई म्हणाल्या. "आवडीचं कुटनं कळणार?"

हिंदुराव उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशी पहिली पंगत बायकांची बसली. त्यात तानुबाई होत्या. भावकीतले दोघे तिघे त्यावरून न जेवता उठून गेले. हिंदुरावांनी त्यांना थांबवलं नाही. ते स्वतः वाढत होते. प्रत्येकीपुढं वाकून विचारत होते, "काय वाढू? तुला काय आवडतं?" बायका गोंधळून एकमेकींकडं बघत होत्या. तसं त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

बंधूंनो, आपण स्वतंत्र झालो, कारखाने काढले, पोरं इंजिनिअर केली. बाहेरच्या देशाची मुलं आपल्याकडं शिकायला येतात, याचा आपल्याला अभिमान वाटतो. आणि त्यांनी आपल्या घरात येऊन बघावं तर आपल्याच बायका भांडी पुसून खाताना दिसाव्यात! ही गरिबी नाही. ज्या घरात खरोखर अन्न नाही, तिथली गोष्ट वेगळी. ही भरल्या कणगीच्या घरातली उपासमार आहे. तिला रीत म्हणणं बंद करा. बाई मेल्यावर बाटल्या मोजून आणि श्राद्ध घालून काही परत येत नाही. ज्याच्या घरात ती जिवंत आहे, त्यानं आज दुपारी तिच्या आधी ताटावर बसू नये, आणि तिला काय आवडतं ते तिच्याच तोंडून विचारून घ्यावं. ती आधी सांगणार नाही. सांगेपर्यंत विचारावं.